लांबून दिसायला हवं

मेंढरं कुंपणाबाहेर काढायची वेळ आणि सुनेनं भांडण काढायची वेळ रोज एकच यायची. आबाची त्याला ना नव्हती. दोन्ही कामं ऊन तापायच्या आत उरकलेली बरी.

"आजपासून पोरगं माळावर येणार नाही," सून म्हणाली. तिच्या एका हातात कंगवा होता आणि दुसऱ्या हातात पोराची हनुवटी. "बालवाडीत कॉम्प्युटर आलाय."

"आला असेल. त्याच्या चारापाण्याचं बाई बघतील."

"आबा, चेष्टा नको. बाई म्हणाल्या, त्यात गाणी आहेत, गोष्टी आहेत, अक्षरं आहेत. ऐकून ऐकून मुकाट पोरंसुद्धा बोलायला लागतात."

"आपलं पोरगं त्याला वाटेल तेव्हा बोलेल. याचा बाप तरी कुठं लवकर बोलला? शाळेत घालायची वेळ आली तरी तोंडातून ब्र नव्हता. आता फोनवर सुरू झाला की थांबत नाही."

"घरी कधी येणार तेवढं सोडून सगळं बोलतात," सून म्हणाली आणि कंगवा जरा जोरात फिरवला. तिचा नवरा दूरच्या बंदरात क्रेन चालवत होता. जहाजातले डबे उचलून धक्क्यावर ठेवायचे, हे त्याचं काम. घरचं ओझं उचलायला मात्र त्याची क्रेन पोचत नव्हती.

पोरगं पाचव्या वर्षात होतं. आबानं त्याला पहिल्या दिवसापासून कोकरू म्हटलं आणि गावानं तेच नाव चालू ठेवलं. रडणं कमी, हट्ट नाही, मागणं नाही. गावातल्या बायका आपल्या पोरांना रट्टा घालताना कोकराचा दाखला द्यायच्या. इतकं गुणी पोरगं कसं निपजलं याचं श्रेय आबा स्वतःकडे घ्यायचा.

त्याचं कारण माळ. माळावर झाड नाही, आडोसा नाही. वारा असा की तोंडातून निघालेला शब्द समोरच्याच्या कानात शिरायच्या आधी शेजारच्या गावाच्या शिवारात जाऊन पडायचा. म्हणून मेंढरं राखणारी माणसं तिथं बोलतच नसत. काठी उभी धरली की थांब. काठी आडवी फिरवली की कळप पांगव. हात छातीशी ओढला की ये. दोन एडके टकरा घ्यायला लागले की मध्ये जाऊन उभं राहायचं आणि दोन्ही तळवे सावकाश खाली दाबायचे. एडक्यांना ती खूण चांगली कळायची, कारण तिच्यामागून काठी येते हा त्यांचा अनुभव होता.

कोकराला नीट चालता येत नव्हतं तेव्हापासून या सगळ्या खुणा येत होत्या. माळाच्या पार त्या टोकाला असलं तरी आबानं हात छातीशी ओढला की पोरगं धावत सुटायचं. चालताना ते पुढच्या मेंढीच्या गळ्यातल्या घंटेवर तळवा ठेवून चालायचं. आबा पारावर सांगायचा, "घंटेचा नाद भारी आवडतो त्याला. आणि गड्यांनो, मला त्याला आयुष्यात कधी हाक मारावी लागली नाही."

हे तो फुशारकीनं सांगायचा. ऐकणारेही मान डोलवायचे. पारावर इतके कान होते, पण त्या वाक्यात काय आहे ते एकालाही ऐकू आलं नाही.

भांडणाचा निकाल नेहमीसारखा लागला, म्हणजे आबा हरला. फक्त पोरगं रडेल म्हणून त्याच्यासोबत एक कोकरू न्यायचं आणि बालवाडीच्या दाराशी बांधायचं, एवढं त्यानं पदरात पाडून घेतलं.

बालवाडीची खोली एकच होती. एका भिंतीला ओल, दुसऱ्या भिंतीवर ती झाकायला टांगलेली फळांची चित्रं. मध्ये टेबल आणि टेबलावर नवा कॉम्प्युटर. तो एका संस्थेनं दिला होता. संस्थेचे साहेब त्याच्यासोबत आले, "आता तुमच्या गावात भविष्य आलं आहे," असं म्हणाले आणि भविष्य बाईंच्या ताब्यात देऊन गेले. भविष्याला धूळ लागू नये म्हणून बाई त्याच्यावर आपली जुनी साडी पांघरायच्या.

त्याला चार कानटोपं जोडलेली होती. हेडफोन म्हणायचं त्यांना, पण पोरांनी कानटोपं केलं आणि बाईंनीही हार मानली. चार पोरांनी कानटोपं घालून बसायचं. आतून आवाज यायचा, 'गाय कुठं आहे?' पडद्यावर चार चित्रं असायची. ज्याची पाळी असेल त्यानं गाईला बोट लावायचं. बरोबर असलं की पिवळाधमक तारा उड्या मारत यायचा. चुकलं की काहीच यायचं नाही, आणि पाच वर्षांच्या माणसाला यापेक्षा मोठी शिक्षा नसते.

पहिल्याच दिवशी बाईंनी सुनेला बाजूला घेऊन आणखी एक गोष्ट सांगितली. "घरी खुणा बंद करा बरं का. खुणेवर भागलं की मुलांना बोलायचा आळस येतो. त्याला तोंडानंच सांगायचं. बोलल्याशिवाय द्यायचं नाही."

त्या दिवसापासून घरातले हात बंद झाले. सून तोंडानं सांगायची, मोठ्यानं सांगायची, पुन्हा सांगायची. पोरगं तिच्या तोंडाकडे बघायचं, मग तिच्या हातांकडे. हात पदरात गुंडाळलेले असायचे. पाणी हवं म्हणून त्यानं ओंजळ ओठाशी नेली की ती म्हणायची, "पाणी म्हण. पा-णी." मग दोघं एकमेकांकडे बघत बसायची, आणि शेवटी तीच रडत पाणी द्यायची.

आबाचे हात तर सवयीनं उठायचे. मग त्यानं ते काखेत दाबून बसायला सुरुवात केली. पोरगं येऊन त्याच्यापुढं उभं राहायचं आणि काखेतला एक हात ओढून बाहेर काढायचं. हातातून काही निघत नाही म्हटल्यावर तो पुन्हा जागेवर ठेवून द्यायचं, एखादी मोडकी वस्तू ठेवतात तसं.

"पोरगं झुरतंय," आबा म्हणाला.

"शिकतंय," सून म्हणाली. "बाईंनी सांगितलं, सगळ्यांत जास्त तारे त्याचेच. एकसुद्धा चुकत नाही."

हे मात्र खरं होतं. बाकीची पोरं घाई करायची. 'गाय कुठं' एवढं ऐकलं की कुणी घोड्याला बोट लावायचं, कुणी शेजाऱ्याच्या डोळ्याला. कोकरू शांत बसायचं. पडद्याकडे एकटक बघायचं. बराच वेळ जायचा, आणि मग सावकाश बोट उचलून बरोबर चित्रावर ठेवायचं. तारा.

"विचार करतो हो तो," बाई येईल त्याला सांगायच्या. "या वयात एवढी एकाग्रता मी बघितली नाही." बाईंचा पगार वेळेवर येत नव्हता, खोलीचं छप्पर गळत होतं, पोरांची नाकंही गळत होती. या सगळ्यात एक पोरगं न चुकता तारे मिळवतंय, हे सुख त्यांनी घट्ट धरून ठेवलं तर त्यात त्यांचा दोष नव्हता. आबानंही पारावर नवं वाक्य घेतलं. "माझ्या नातवाचं मशिनसुद्धा ऐकतं." सून शेतात खुरपताना एकटीच हसायची. आज नाही तर उद्या बोलेल. एवढी गाणी, एवढी अक्षरं कानात चालली आहेत. भांडं भरलं की सांडणारच.

साहेब पाहणीला येणार म्हणून बाईंनी खोली झाडून घेतली, ओलीवर आणखी एक फळ टांगलं आणि कोकराला टेबलापुढं मधोमध बसवलं. सुनेला शेतातल्या कामाचा खाडा करता येत नव्हता, म्हणून आबा आला. काठी त्यानं बाहेर भिंतीला टेकवली आणि तिथं बांधलेल्या कोकराच्या पाठीवर हात फिरवून दारात उभा राहिला. वारा सुटला होता. पायरीवरची माती खोलीत येत होती.

साहेब चांगले होते. बुटांना माती लागली तरी काही बोलले नाहीत. त्यांच्यासोबत फोटो काढणारा होता.

"हा आमचा कोकरू," बाई म्हणाल्या. "म्हणजे नाव वेगळं आहे, पण आता तेच पडलंय. एकही उत्तर चुकत नाही याचं."

कोकरानं कानटोपं घातलं होतं. पडद्यावर चार चित्रं आली. मासा, कुलूप, मका, बैल. बाकीची तीन पोरं बोट शिवशिवत असल्यासारखी हलत होती. कोकरू बघत राहिलं. साहेबही बघत राहिले. वेळ गेला. मग चित्रांतलं कुलूप किंचित थरथरलं. कुणी उत्तर देईना की बरोबर चित्रानं जरा हलून दाखवावं, अशी दयाळू सोय त्या मशिनमध्ये होती. गावात एवढा दयाळू परीक्षक आजवर आला नव्हता, त्यामुळे ती कुणाच्या लक्षात आली नव्हती. कोकरानं कुलपाला बोट लावलं. तारा आला.

आबानं पोराच्या डोळ्यांकडे बघितलं. शंभर मेंढरांत कुठली आधी बिथरणार हे तो असंच बघत बसायचा. कुणाचा तरी कान हलतो. तो हलायची वाट बघायची. पोरगं उत्तर देत नव्हतं. पोरगं राखण करत होतं.

"सुंदर," साहेब म्हणाले. "बघू, याला आत काय ऐकू येतं." त्यांनी कोकराचं कानटोपं अलगद काढलं आणि स्वतःच्या कानाला लावलं. मग ते फिरवून दुसऱ्या कानाला लावलं. "यात आवाज येत नाही."

"येत असेल साहेब, जरा दाबून धरा," बाई म्हणाल्या.

"त्यात येतच नाही बाई," शेजारी बसलेली एक शेंबडी पोरगी म्हणाली. "ते बंद आहे."

"बंद आहे? कधीपासून?"

"पहिल्यापासून. ते दारातलं कोकरू आहे ना, ते सुटून आत आलं होतं. त्यानं वायर खाल्ली."

"मग सांगायचं नाही का मला?"

पोरीनं नाक वर ओढलं. "आम्ही ते घेतच नाही. कोकऱ्याला देतो. तो काही म्हणत नाही."

टेबलामागं वायरचं चावलेलं टोक लोंबत होतं. बाईंनी ते हातात घेऊन बघितलं.

साहेबांना वेगळंच सुचलं. "म्हणजे आवाजाशिवाय? आवाज नसताना सगळी उत्तरं बरोबर?" ते फोटोवाल्याकडे वळले. "याचा घे. कानटोपं घालून घे."

कोकराला पुन्हा कानटोपं घातलं. फोटो निघाला. पोरं टाळ्या वाजवायला लागली, कारण साहेब वाजवत होते.

आबा दारातून आत आला. तो कोकराच्या पाठीमागं जाऊन उभा राहिला. पोराच्या आयुष्यात तो कायम पुढून आला होता, काठी आपटत, हात उचलत. पाठीमागं तो आज पहिल्यांदा उभा होता. त्यानं वाकून पोराच्या डोक्यावरचं कानटोपं काढलं, दोन पावलं मागं सरला आणि हाक मारली.

"कोकरू."

पोरगं पडद्याकडे बघत होतं. आबानं छाती भरून घेतली आणि वाऱ्यावर मात करायची असते तशी, माळावरची हाक मारली. "कोकरू..."

खोलीतली सगळी पोरं वळली. साहेब दचकून वळले. बाहेर दाराशी बांधलेलं कोकरू मान वर करून बें करून ओरडलं. ज्याला हाक मारली होती ते पोरगं तेवढं चित्र हलायची वाट बघत होतं.

चित्र हललं. त्यानं बोट लावलं. तारा आला, आणि तो दाखवायला ते हसत मागं वळलं. मागं आबा दिसला तसं त्याचं लक्ष आपोआप आबाच्या हातांकडे गेलं. हात काखेत होते. आबानं ते बाहेर काढले. मग त्यानं एक हात छातीशी ओढला. ये.

पोरगं खुर्चीवरून उडी मारून आलं.

सुनेनं खुरपं खाली ठेवून सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "बाईंचं काहीतरी चुकलं असेल."

"बाई काही बोलल्याच नाहीत. मी हाक मारली."

"तुमचा आवाज बसलाय हल्ली."

ती तडक घरी आली. पोरगं फरशीवर बसून दोरीशी खेळत होतं. तिनं पाण्याची रिकामी घागर उचलली आणि त्याच्या पाठीमागं धाडकन टाकली. पोरगं चटकन वळलं. ती रडतरडत हसायला लागली. "बघा. बघा, आबा. ऐकलं त्यानं. उगाच जीव खाल्लात माझा."

आबाला वाटलं, इथंच थांबावं. घागर उचलून चुलीमागं ठेवावी आणि या विषयावर पुन्हा बोलू नये. पण त्याला घंटेवर ठेवलेला तो लहान तळवा आठवला. पोरगं नाद ऐकत नव्हतं. थरथर चाचपत होतं.

"आता अंगणात," तो म्हणाला. "त्याला मऊ मातीवर बसू दे, मग मागं वाजव. तिथं जमीन थरथरत नाही."

अंगणाच्या कडेला वेलाच्या आळ्यासाठी खणून भुसभुशीत केलेली माती होती. पोरगं तिथं उकिडवं बसून मुंग्या बघायला लागलं. सुनेनं चुलीवरचा तवा आणला आणि त्याच्या मागं उभं राहून घागर त्यावर आपटली. शेजारीण बाहेर आली. कुंपणातली मेंढरं उधळली. पोरगं मुंग्या बघत राहिलं. तिनं पुन्हा आपटली. मग पुन्हा. घागरीला पोचा पडला, तव्याचा कान तुटला, आणि आबानं तिच्या हातातून घागर काढून घेतली तेव्हा तिनं ती मुकाट सोडली.

"मी त्याला पाण्यासाठी ताटकळत ठेवलं," ती म्हणाली. "बोल म्हणून."

आबानं पोचा पडलेली घागर बाजूला ठेवली. त्याच्याजवळ बोलण्यासारखं एकच होतं, आणि ते त्यानं पारावर आधीच हज्जारदा फुशारकीनं सांगून टाकलं होतं.

शहरातल्या डॉक्टरांनी पोराला एका बंद खोलीत बसवून तपासलं. जन्मापासूनचं असावं, म्हणाले. कानाला मशिन लावून थोडंफार ऐकू येईल, सगळं नाही. अशा मुलांची इथं शाळा आहे, राहायची सोय आहे. आधी आणायला हवं होतं, पण अजून वेळ गेलेली नाही.

"आणि हातानं खुणा?" सुनेनं खालमानेनं विचारलं.

"करा की. भरपूर करा. शाळेतही करतात. कुणी नको म्हणालं का?"

सुनेनं बाईंचं नाव सांगितलं नाही. येताना रस्ताभर तिनं पोराला मांडीवर घट्ट धरून ठेवलं होतं, आणि त्याला खिडकीतून बाहेर बघायचं होतं.

घरी आल्यावर दुसऱ्या दिवशी, मेंढरं बाहेर काढायच्या वेळेला, भांडण ठरल्यासारखं सुरू झालं. फक्त माणसांनी बाजू बदलल्या होत्या.

"ते कुठंही जाणार नाही," सून म्हणाली. "माळावर नेत जा त्याला. तुमच्याजवळ बरं आहे. शाळा नको आणि मशिन नको."

"मी किती दिवसांचा? मी गेल्यावर याच्याशी कोण बोलणार? मेंढरं?"

"मी शिकेन तुमच्या खुणा."

"माझ्या खुणा एवढ्याशा. थांब, ये, पांगव, शांत हो. एवढ्यावर मेंढरांचं भागतं. माणसाचं भागतं होय? तिथं याच्यासारखी पोरं आहेत. त्यांच्या हातात गोष्टी असतील, शिव्या असतील, थापा असतील. ते सगळं कोण देणार याला?"

"काल-परवापर्यंत बालवाडीत सोडायला तयार नव्हतात, आणि आता परक्या शहरात टाकायला निघालात. काळीज आहे का दगड?"

"दगडच. दगड नसता तर पाच वर्षांत कळलं असतं."

"मग मी कोण? मी आई असून मला कळलं नाही. मला घालून पाडून बोलताय तुम्ही."

"तुला कोण बोलतंय? मी मला बोलतोय. मध्ये मध्ये येऊ नकोस."

दोघांचेही आवाज चढले आणि आवाजासोबत हातही. पदर सुटला, काठी हवेत फिरली. तोंडानं चाललेलं भांडण पोराला कधी दिसलं नव्हतं, हातांचं दिसलं. कुंपणाच्या दाराशी मेंढीच्या घंटेवर हात ठेवून ते उभं होतं. त्यानं घंटा सोडली, चालत आलं आणि दोघांच्या बरोबर मध्ये उभं राहिलं. मग दोन्ही तळवे पसरून ते सावकाश खाली दाबले.

आबानं काठी खाली घेतली. ही खूण झाल्यावर काय येतं, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक नव्हतं. तो तिथंच मातीत बसला. सून उभी होती. पोरानं तिच्याकडे बघून तळवे पुन्हा दाबले, जरा जोर देऊन. तीही बसली.

वारा कुंपणातून शिरत होता. पोरगं एकदा याच्याकडे, एकदा तिच्याकडे बघायला लागलं. काम बरोबर केलं होतं, आणि ते कशाची तरी वाट बघत होतं.

"काय हवंय त्याला?" आबानं विचारलं.

सुनेला कळलं. उत्तर बरोबर आलं की पोरगं पडद्याकडे असंच बघायचं, हे बालवाडीच्या खिडकीतून तिनं कितीतरी वेळा चोरून बघितलं होतं. तिनं हात पदराबाहेर काढला, मूठ वर धरली आणि पाची बोटं उघडली. पोराचा चेहरा खुलला.

"हे काय?"

"तारा," ती म्हणाली. "शाब्बास म्हणायचं झालं तर."

आबानं आपला हात वर केला. म्हातारी बोटं, काठी धरून वाकलेली, नीट उघडत नव्हती. त्यानं दुसऱ्या हातानं ती एकेक करून सरळ केली. मग सुनेच्या हाताकडे बघून म्हणाला,

"बोटं आणखी फाकव. शहर लांब आहे. लांबून दिसायला हवं."